नाकाबंदीत चेहऱ्याचा फोटो काढला तर?

प्रश्न : मुलगा रात्रपाळी संपवून घरी येत होता. नाकाबंदीत पोलिसांनी गाडीचे कागद पाहिले आणि मोबाईलवर त्याच्या चेहऱ्याचा फोटोही काढला. गुन्हा काहीच नव्हता. त्याला नाही म्हणता आलं असतं का? त्या फोटोचं पुढे काय होतं? – एक वाचक, नाशिक

उत्तर : हो, नाही म्हणता आलं असतं. २०२२ च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्यात फोटो आणि ठशांची सक्ती आहे ती दोषी ठरलेल्या, अटक झालेल्या किंवा प्रतिबंधक कारवाई झालेल्या व्यक्तींवर. इतरांसाठी दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. कागद दाखवून निघालेला मुलगा यात कुठेच बसत नाही.

हैदराबादेत मे २०२१ मध्ये सामाजिक कार्यकर्ते एस. क्यू. मसूद यांना पोलिसांनी रस्त्यात अडवून मास्क काढायला सांगितला. त्यांनी नकार दिला, तरी फोटो काढलाच. मसूद तेलंगणा उच्च न्यायालयात गेले. त्यांचा आधार सर्वोच्च न्यायालयाचा २०१७ चा पुट्टस्वामी निकाल : खासगीपणावर बंधन घालायचं तर आधी कायदा हवा. पोलिसांनी चेहरा ओळखणारी यंत्रणा कशी वापरावी, याचा स्वतंत्र कायदा संसदेने केलेलाच नाही.

फोटोचं काय होतं, हा प्रश्न जास्त गंभीर आहे. २०२२ च्या कायद्याखालची नोंद ७५ वर्षं राहते, पण निर्दोष सुटलेल्याची नोंद पुसण्याची तरतूद तरी त्यात आहे. चौकात काढलेल्या फोटोला तेवढंही संरक्षण नाही.

आणि असे फोटो ताडणारं हे यंत्र चुकतं. दिल्ली पोलिसांनी माहिती अधिकारात सांगितलं, की ८० टक्के साम्य आढळलं तर ते जुळणी झाली असं धरतात. अमेरिकेत डेट्रॉइटजवळ जानेवारी २०२० मध्ये अशाच जुळणीवरून एका कृष्णवर्णीय गृहस्थाला बायको आणि दोन लहान मुलींदेखत बेड्या पडल्या. आरोप घड्याळचोरीचा. चौकशीत त्याने दुकानातल्या कॅमेऱ्याचं धूसर चित्र उचलून स्वतःच्या चेहऱ्याशेजारी धरलं : हा मी नाही. सुटका व्हायला सुमारे तीस तास लागले. त्याच्या दाव्यातल्या २०२४ च्या तडजोडीनंतर केवळ यंत्राच्या जुळणीवर अटक करायला डेट्रॉइट पोलिसांना मनाई झाली. आपल्याकडेही हा नियम कायद्यात यायलाच हवा.

पुन्हा असं घडलं तर मुलाने हुज्जत घालू नये; सरकारी कामात अडथळ्याचा गुन्हा अंगाशी येतो. कोणत्या कलमाखाली फोटो हवा, एवढं शांतपणे विचारावं आणि वेळ, ठिकाण, अधिकाऱ्याचं नाव टिपून ठेवावं. या फोटोबद्दल मात्र आताच पोलीस आयुक्तालयात लेखी तक्रार द्या. सोबत माहिती अधिकाराचा अर्ज करा : फोटो कुठे साठवला, कोणत्या यादीशी ताडला, कधी पुसणार? शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. दोन्हींची पोच जपून ठेवा.