आयोडीनचं बंद दार कसं उघडतात?



मिठाच्या पुडीवर 'आयोडीनयुक्त' का लिहितात? आपल्या सोनाळ्यातली मुलंही सांगतील, गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीसाठी. ही ग्रंथी रक्तातलं आयोडीन ओढून घेते. तिच्या कर्करोगात हीच सवय कामी येते. रुग्णाला किरणोत्सारी आयोडीन-१३१ दिलं, की ते कर्कपेशींत शिरून त्यांना आतूनच मारतं. मुंबईत परळला १९६३ साली सुरू झालेल्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये हा उपचार होतो.

पण काही कर्कपेशी आयोडीन आत घेणारं प्रथिनच बनवत नाहीत. दारच बंद! कारण त्यांच्यात 'वाढत राहा' हा संदेश सतत चालू असतो. तो औषधाने थोपवला तर? अमेरिकेत २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सेल्युमेटिनिब दिल्यावर २० पैकी १२ रुग्णांत आयोडीनचं शोषण वाढलं. ८ जणांना पुन्हा आयोडीन-१३१ देता आलं, त्यांतल्या ५ जणांच्या गाठी लहान झाल्या. सगळ्यांना गुण येतोच असं नाही. पण एकदा उपचार लागू पडला नाही म्हणून सगळं संपलं, असंही नाही.

एक लक्षात ठेवा. या उपचाराआधी डॉक्टर आयोडीनचं मीठ काही दिवस बंद करायला सांगतात, ते फक्त रुग्णाला. घरातल्या इतरांनी ते खायचंच.

मुलांना विचारा: आयोडीन-१३१ चं अर्धायुष्य ८ दिवस, तर २४ दिवसांनी किती उरेल?
उत्तर: एक अष्टमांश.