एस.टी.डी. बूथ ते ए.आय.

“आजचे युग हे विज्ञान-तंत्रज्ञानाचे युग आहे” या वाक्याने निबंध सुरू केला की मार्क्स मिळतात, असे आमच्या मराठीच्या टीचर सांगायच्या. माझे शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झाले, त्यामुळे माझे मराठी साधारण तेवढेच! पण मित्रांनो, हे युग एखाद्या घरात शिरते तेव्हा नेमके काय होते, ते आमच्या घराने पाहिले आहे. तेच मांडायचा हा प्रयत्न. चूकभूल द्यावी घ्यावी.

पिवळी पाटी

१९८४ मध्ये सी-डॉट ही संस्था स्थापन झाली. सॅम पित्रोदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ए.सी.शिवाय चालणारे, खेड्यात टिकणारे छोटे एक्स्चेंज तयार केले. असे पहिले एक्स्चेंज १९८६ मध्ये कर्नाटकातल्या कित्तूरला बसले. पुढे गावोगावी एस.टी.डी. पोचली आणि पिवळ्या पाट्यांचे बूथ उभे राहिले.

त्यातला एक माझ्या बाबांचा. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी, एस.टी. स्टँडसमोर, १९९३ साली सुरू झालेला. बाबा तेव्हा बावीस वर्षांचे, शिक्षण बारावी. त्यांची महत्त्वाकांक्षा काय, तर दुसरी लाइन आणि एक फॅक्स मशीन!

कोणाचा मुलगा मुंबईत माथाडी, कोणाचा नवरा फौजेत. आयाबाया रात्री दर उतरायची वाट बघत बाकावर बसून राहायच्या. काचेच्या केबिनमध्ये बोलताना डोळे मात्र मीटरच्या लाल आकड्यांवर. बाबा म्हणायचे, “मावशी, रडायचं ते फोन ठेवून रडा, पल्स पडतेय.”

ही पल्स म्हणजे काय?

कॉल लागला की एक्स्चेंज ठराविक वेळाने लाइनवर मीटरिंगचा सिग्नल पाठवते. एक सिग्नल म्हणजे एक युनिट. गाव जितके लांब, तितक्या पल्स भराभर पडतात. समजा, दर ६ सेकंदांना पल्स पडली, तर मिनिटाला १० युनिट होतात. रात्री तीच २४ सेकंदांनी पडली, तर साधारण पाव खर्च. बूथवरचे मीटर ह्या पल्स मोजून रुपये दाखवायचे.

टेलिफोन स्विचिंगचा हा भाग मी सबमिशनच्या आदल्या रात्री पाठ करत होते. डोक्यात शिरेना, म्हणून सहज बाबांना फोन केला. त्यांनी तो पाच मिनिटांत समजावला. मी इंजिनिअर होणार आणि बारावी झालेले बाबा मला शिकवतात! खरं सांगते, थोडी लाज वाटली.

मोबाईल आला

३१ जुलै १९९५ रोजी कोलकात्यातून ज्योती बसूंनी दिल्लीत सुखराम यांना मोबाईलवरून कॉल केला, आणि देशात मोबाईल सेवा सुरू झाली. बाबांनी ती बातमी वाचून पान उलटले. तेव्हा इनकमिंगलाही पैसे पडत, एवढे महाग खेळणे आपल्या गावात कोण घेणार? पण मे २००३ पासून इनकमिंग फुकट झाले. मार्च २००६ मध्ये बी.एस.एन.एल. आणि एम.टी.एन.एल.ने देशभर एक रुपया मिनिट ही योजना आणली. दर उतरायची वाट बघणारा बाक रिकामा झाला. २००८ मध्ये बूथ बंद झाला. मी तेव्हा तीन वर्षांची.

पुढची दोन वर्षे घर आईच्या शिलाई मशीनवर चालले. बाबा रिचार्ज कूपन विकायचे आणि रात्री बंद पडलेले हँडसेट उघडून बसायचे. कितीतरी बिघडवले असतील! हळूहळू हात बसला. आज त्याच गाळ्यात मोबाईल रिपेअरिंग चालते आणि जुन्या केबिनमध्ये स्पेअर पार्ट ठेवलेले असतात. सगळ्यांचे असे झाले नाही. शेजारच्या बूथवाल्या काकांना गाव सोडावे लागले.

आणि आता आपली पाळी

होस्टेलमध्ये सध्या एकच चर्चा. ए.आय. कोड लिहितो, मग आपल्याला कोण घेणार? रात्री दोन-दोन वाजेपर्यंत दुसऱ्यांची पॅकेजेस स्क्रोल करत बसायचे आणि सकाळचे लेक्चर बुडवायचे. बाबांचे स्वप्न समोरच्या बाकावरच्या माणसांना बघून ठरले होते. माझे स्वप्न स्क्रीनवर बघून ठरते, आणि दर आठवड्याला बदलते.

गेल्या सुट्टीत मी बाबांना विचारलं, “बूथ बंद झाला तेव्हा भीती नाही वाटली?” हातातला स्क्रू-ड्रायव्हर न ठेवता ते म्हणाले, “वाटली ना. वर्षभर त्या मोबाईलवर नुसता राग काढला. तेच वर्ष वाया गेलं बघ. राग सोडून तो उघडून बघितला, तेव्हा कळलं, आतमध्ये शेवटी सर्किटच आहे.”

मित्रांनो, तंत्रज्ञान नोकरी देते तसे काढूनही घेते, हे खोटे सांगून उपयोग नाही. पण ज्याला आतले समजते, त्याला पुन्हा उभे राहायला निदान एक पाय तरी असतो. म्हणून मी एवढेच ठरवले आहे : ए.आय.कडून असाइनमेंट कॉपी करायची नाही, आधी तो कसा चालतो ते उघडून बघायचे. आणि पॅकेजचे स्क्रोलिंग रात्री अकराला बंद!

दुसरा संकल्प जरा कठीण आहे. रूममेट्सनी लक्ष ठेवावे, ही विनंती.