आयात-कर आणि पुण्याचा कामगार

परदेशी मालावरील सीमाशुल्क हा वरकरणी सरकारी तिजोरीचा आणि व्यापाऱ्यांचा विषय वाटतो. वस्तुतः त्याचे परिणाम कामगाराच्या घरापर्यंत पोहोचतात. मात्र ते सर्वांना सारखे वा एकाच वेळी जाणवत नाहीत. पुणे परिसरातील वाहनउद्योग हे याचे बोलके उदाहरण होय.

१९५३ साली प्रशुल्क आयोगाच्या अहवालानंतर, केवळ आयात केलेले सुटे भाग जोडणाऱ्या कंपन्यांना येथील काम आटोपते घ्यावे लागले. मुंबईतील जनरल मोटर्सचा कारखाना १९५४ साली बंद झाला. संरक्षणाचा पहिला फटका असा जुळणी-कामगारांनाच बसला. त्याची फळे पुढे पिंपरी, चिंचवड व आकुर्डी येथे दिसून आली. जबर आयात-कर आणि परवान्यांचे निर्बंध यांच्या आश्रयाने मोठे कारखाने उभे राहिले. त्यांना सुटे भाग पुरविणारी लघुउद्योगांची वसाहत भोसरीस वाढली. टर्नर-फिटरांना कायम नोकरी लाभली. याचे मोल मात्र स्कूटरसाठी वर्षानुवर्षे थांबणाऱ्या ग्राहकाने आणि महाग पोलाद घेणाऱ्या लघुउद्योजकाने मोजले.

१९९१ नंतर चित्र पालटले. त्यापूर्वी ३०० टक्क्यांहून अधिक असलेला कमाल दर त्या वर्षी १५०, १९९५ मध्ये ५० आणि २००७ मध्ये बहुतेक कारखानी मालावर १० टक्क्यांवर आला. स्वस्त यंत्रे व कच्चा माल मिळाल्याने निर्यात करणाऱ्या कारखान्यांतील कुशल तंत्रज्ञांस संधी लाभली. उलट, जुन्या यंत्रांवर हात बसलेल्या कामगारांपैकी अनेकांच्या वाट्यास स्वेच्छानिवृत्ती आली. तयार मोटारींवरील कर मात्र चढा आणि सुट्या भागांवरील त्या मानाने कमी राहिल्याने परदेशी कंपन्यांनी चाकणला जुळणी सुरू केली. जे काम १९५४ साली मुंबईतून गेले, तशाच प्रकारचे काम करातील या तफावतीमुळे पुणे जिल्ह्यात आले. परंतु ते तरुण व पुष्कळदा कंत्राटी कामगारांच्या हाती पडले.

लाभ-हानीचा हिशेब मांडताना म्हणूनच काळाचा विचार अगत्याचा ठरतो. दहा वर्षांनी उद्योग सावरतो, नव्या नोकऱ्याही निर्माण होतात. परंतु पंचेचाळिशीत काम गमावलेल्या यंत्रचालकापाशी तेवढा अवधी नसतो. १९९२ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय नूतनीकरण निधीचा एक हेतू अशा कामगारांचे पुनर्प्रशिक्षण हा होता. कराचा दर अधिसूचनेने एका दिवसात बदलता येतो. हाताला नवे कसब यावयास वर्षे लागतात. शुल्क वाढवावे की घटवावे, हे ठरवितानाच त्या वर्षांची तरतूद व्हावयास हवी.