थेंबांवर भागत नाही

अगं, ऊसतोडीला न्यायला मुकादमाचा ट्रॅक्टर दारात आला की तुला ऐकायला सवड नाही, म्हणून आत्ताच सांगते. बाळाला पोलिओचे थेंब पाजलेस, रोटाचेही पाजलेस, फार चांगलं केलंस. पण तेवढ्यावर निर्धास्त होऊ नकोस. ते थेंब पोलिओ आणि जुलाबासाठी. खोकल्यातून पसरणारा गोवर त्यानं अडत नाही. त्याला दंडातली सुईच हवी: पहिली नऊ महिने भरल्यावर, दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांत. न्यूमोनियाची मांडीत, दीड महिन्याला, साडेतीन महिन्यांना आणि मग गोवराच्या पहिल्या सुईबरोबर.

तू विचारलंस ना, छातीच्या दुखण्यावर तोंडानं द्यायची लस का काढत नाहीत? काढलीय गं, अमेरिकेच्या फौजेत, १९७१ पासून. नवे शिपाई बराकीत दाटीनं राहायचे अन् अ‍ॅडिनो नावाचा विषाणू त्यांना ताप-खोकल्यानं आडवं करायचा. त्याचे ४ आणि ७ हे दोन प्रकार जिवंतच गोळ्यांत भरले. गोळीवर असं वेष्टण, की ती घशात नाही, आतड्यात गेल्यावरच फुटते. तिथं विषाणू वाढतो, पण छातीचं दुखणं आणत नाही. शरीर मात्र त्याला ओळखायला शिकतं. मला याचं फार अप्रूप वाटतं. गोळ्या बनणं थांबलं, १९९९ मध्ये साठा सरला, तशा बराकीत साथी परतल्या. २०११ ला गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. पण त्या अख्ख्या गिळायच्या, मोठ्या शिपायांसाठीच. आपल्या लेकरांना नाहीत.

अन् आपल्या कोप्या त्या बराकीहून काय वेगळ्या? एका लेकराला गोवर निघाला की शेजारच्या कोपीत गेलाच समज. २०२२ च्या शेवटी मुंबईत, भिवंडीत गोवरानं लेकरं दगावली, विसरू नकोस.

निघण्याआधी आशाताईला गाठ. कुठली सुई राहिली ते कार्डावर बघून घे अन् कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सोबतच ने, घरी सासूकडं ठेवू नकोस. सांगली असो, कोल्हापूर असो की कर्नाटक, सरकारी दवाखान्यात लस फुकटच मिळते. साधी सर्दी असली म्हणून सुई टाळू नकोस. नंतर कणकण आली तर घाबरू नकोस. पण श्वास भराभर चालला, बरगड्यांखाली खड्डा पडू लागला, तर खाड्याचा विचार करू नकोस. कोयता टाक, लेकरू उचल अन् दवाखाना गाठ. मुकादमाशी नंतर बोलू.