पिशवी काढण्याची घाई नको

चि. अनिरुद्ध यास मावशीचे अनेक आशीर्वाद.

ताईंची पाळी वर्षभर पुढे-मागे होत असून त्यांची झोप उडाली आहे, त्या कारणाविना रडतात, आणि एका खासगी दवाखान्यात ‘पिशवी काढून टाका, चिडचिडही थांबेल’ असा सल्ला मिळाल्यापासून घरात तारखेची बोलणी चालू आहेत, असे आत्याबाईंकडून कळले. वार्ता खरी असल्यास तारीख ठरवण्याआधी चिरंजीवाने हे पत्र दोनदा वाचावे.

पाळी सलग बारा महिने आली नाही की त्याला रजोनिवृत्ती म्हणतात. भारतीय स्त्रियांत ती सरासरी 46-47 व्या वर्षी येते, परंतु तिच्या आधीची काही वर्षेच मनाला अधिक जड जातात. या काळात बीजांडकोशांतून स्रवणारे इस्ट्रोजेन सावकाश उतरत न जाता चढते-पडते, आणि मन स्थिर ठेवणाऱ्या सेरोटोनिनसारख्या मेंदूतील रसायनांवर त्याचा परिणाम होत असल्याने एरवी खंबीर असलेल्या बाईच्याही छातीत धडधडते, जीव घाबरा होतो, कशात मन लागत नाही. त्यात रात्री अंगातून वाफा निघून घामाने झोपमोड झाली की दिवसाचा त्रागा वाढतो. 1990 च्या दशकात अमेरिकेत सुरू झालेल्या ‘स्वान’ या दीर्घ अभ्यासातील एका गटात, पाळी नियमित असतानाच्या तुलनेत या काळात तीव्र नैराश्याचा धोका दुप्पट ते चौपट आढळला. तेव्हा ‘आई नाटके करते’ हे चिरंजीवाचे म्हणून जे वाक्य कानी आले, ते त्याला मुळीच शोभले नाही.

आणि पिशवी! चढ-उतार होणारी ही संप्रेरके गर्भाशयात तयार होत नाहीत. ते काढल्याने पाळी थांबते, मनाचे दुखणे थांबत नाही. सोबत बीजांडकोशही काढले, तर वर्षानुवर्षे घडणारा बदल एका दिवसात अंगावर कोसळतो, आणि उदासीचा व हाडे ठिसूळ होण्याचा धोका वाढतो. बीड जिल्ह्यातल्या घराला हे वेगळे सांगावे लागू नये: ऊसतोड कामगार स्त्रियांच्या या शस्त्रक्रियांच्या चौकशीसाठी 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तेव्हा पाहणीतील सुमारे 82,000 स्त्रियांपैकी 13,000 हून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. गाठ, अतिरक्तस्राव किंवा कर्करोगाची शंका असेल तर गोष्ट निराळी, मात्र तेव्हाही सोनोग्राफीचा अहवाल दुसऱ्या तज्ज्ञाला दाखवावा.

चिरंजीवाच्या आजीची पिशवी चाळिशीतच काढली गेली होती. त्यानंतर ती दिवसचे दिवस माजघरात भिंतीकडे तोंड करून निजून राही, घरची मंडळी तिला आळशी म्हणत, आणि तेव्हा कॉलेजात जाणाऱ्या मावशीला आईजवळ बसण्यापेक्षा मैत्रिणींकडे जाणे बरे वाटे; ती खंत अजून सरलेली नाही.

ताईंचे थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-12 आधी तपासून घ्यावे, कारण त्यांतील बिघाडही असाच थकवा व उदासी आणतो. मग अंबाजोगाईच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात स्त्रीरोगतज्ज्ञ व मानसोपचारतज्ज्ञ अशा दोघांना दाखवावे. समुपदेशन, नैराश्यावरील गोळ्या, आणि स्तनाचा कर्करोग वा रक्ताच्या गुठळ्यांचा इतिहास नसल्यास काहींना संप्रेरक-उपचार, असे मार्ग तेथे समजावून मिळतील. जगणे नको असे काही ताई बोलल्याच, तर त्यांना एकटे न सोडता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. टेलि-मानसचा 14416 हा क्रमांकही रात्रंदिवस चालू असतो.

ते कटू वाक्य चिरंजीवाच्या तोंडून घाबरल्यामुळेच निघाले असणार, हे मावशी ओळखून आहे. आई दिसेनाशी झाली की पाणीसुद्धा न पिणारा तो पोर होता. शनिवारी मावशी येतेच आहे, पिशवीचा विषय तोवर थांबवावा, आणि खर्चाची चिंता करू नये. तो फार वाळला आहे असे आत्याबाई सांगत होत्या, तरी त्यानेही दोन वेळा नीट जेवावे. येताना त्याच्यासाठी शेंगदाण्याचे लाडू आणले जातील.