जीर्ण व्याधीने ग्रस्त वृद्धांचे जलपान : मात्रा आणि मुदत

अष्टांगहृदयाच्या द्रवद्रव्यविज्ञानीय अध्यायात पांडू, उदर, शोथ, ग्रहणी, अल्पाग्नी इत्यादी अवस्थांत अल्प जलपान सांगितले आहे. त्याला लागूनच, शरद व ग्रीष्म वगळता स्वस्थानेही पाणी थोडेच प्यावे, असे वचन येते. पहिला भाग आपल्या सर्वांना मुखोद्गत असतो. ऋतूचा भाग चिकित्सापत्रावर क्वचितच उतरतो. तो अपवाद शब्दशः स्वस्थापुरता आहे हे खरे. पण ऋतूनुसार मात्रा बदलते हे तत्त्व रुग्णासही लागू आहे, असे माझे मत आहे. ते मत मला एका चुकीतून आले.

कामठीतील 72 वर्षांच्या एक आजी हृद्रोगाच्या रुग्ण. फ्युरोसेमाइडची गोळी आधीपासून चालू. पौषात पादशोथ वाढला, तेव्हा मी पुनर्नवाष्टक क्वाथ दिला आणि दिवसाकाठी एक लिटरहून अधिक द्रव घेऊ नये, असे लिहिले. शोथ उतरला. चिठ्ठीवर मुदत मात्र मी घातली नव्हती. नवतपात मुलगा त्यांना घेऊन आला, तेव्हा ग्लानी होती, बोलणे असंबद्ध होते आणि सकाळी उठताना त्या पडल्या होत्या. सुनेने चार महिने ती चिठ्ठी तंतोतंत पाळली होती. क्वाथही चालूच होता. तिचा यत्किंचितही दोष नव्हता. नागपूरला हलविल्यावर क्रिएटिनिन बरेच वाढलेले आढळले. सुदैवाने आजी बऱ्या झाल्या.

वार्धक्यात तृष्णेची जाणीव मंदावते आणि मूत्र संहत करण्याची वृक्कांची शक्ती घटते. त्यात गुडघे दुखतात म्हणून रात्री उठणे टाळण्यासाठी अनेकजण संध्याकाळपासूनच पाणी सोडतात. जिव्हेची रूक्षता, त्वचेची चिमटी, मूत्राचा वर्ण ही लक्षणे या वयात विश्वसनीय नाहीत, असे युरोपीय पोषणतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनाही सांगतात. नव्याने आलेला संभ्रम, उभे राहताच उतरणारा रक्तदाब, अल्पावधीत घटलेले वजन यांकडे पाहावे; शंका येताच रक्ततपासणी करावी. त्याच सूचनांनुसार वृद्ध स्त्रियांना किमान 1.6 लिटर व पुरुषांना 2 लिटर पेये आवश्यक आहेत. हृदय वा वृक्कविकारात मात्र मात्रा उपचार करणाऱ्या तज्ज्ञांशी बोलूनच ठरवावी. ‘भरपूर पाणी प्या’ हा सल्लाही निरुपद्रवी नव्हे. थायाझाइड घेणाऱ्या वृद्धाने नुसते पाणी अति प्यायल्यास रक्तातील सोडियम घटून तसाच संभ्रम होतो.

औषधालयचालकांसाठी थोडे. षडंगपानीयाचे 10 ग्रॅम भरड 640 मिलि पाण्यात अर्धे उरेपर्यंत उकळावे, हे पुडीवर लिहावे. शिळे वापरू नये, हेही लिहावे. द्रव मर्यादित असलेल्या रुग्णात हे पानीय, क्वाथ, ताक, पन्हे सारे त्याच मापात मोजायचे. वृक्कविकारात किंवा स्पायरोनोलॅक्टोन, टेल्मिसार्टन चालू असता शहाळे सुचवू नये, पोटॅशियम वाढते. अतिसारासाठी ओआरएस मागितल्यास जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची, एक लिटर पाण्यात घालावयाची पुडीच द्यावी. गोड पेयांच्या नावात ‘ओआरएस’ वापरण्यास अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर 2025 मध्ये मनाई केली आहे. हृद्रोगी वृद्धास मात्र ही पुडीही वैद्यास विचारल्यावाचून देऊ नये, कारण तिच्यात मीठ आहे.

माझ्या चिठ्ठीवर आता द्रवाच्या मात्रेपुढे तारीख असते, आणि होळीच्या आत अशा प्रत्येक रुग्णाला वजनाच्या नोंदीसह पुन्हा बोलावतो.