हजेरी, पगाराची स्लिप आणि पोटातला गोळा

चि. सागर,


परवा ताईचा फोन आला होता. कामावर जाताना पेन्सिल चौक आला की तुझ्या पोटात गोळा येतो, रात्री अकराला सुपरवायझरचा ग्रुपवर मेसेज वाजला की झोप उडते, आणि आता तू नोकरीच सोडायची म्हणतोस, हे सगळं तिनं सांगितलं. मी रागावणार नाही. फक्त राजीनामा लिहिण्याआधी हे वाच.

काम तुला येतं, त्यामुळे भीती कामाची नसावी. तुला तिथं लावलं ते गावातल्या एका वजनदार माणसानं शब्द टाकून. आपल्या बारामती-इंदापूरकडे पुष्कळ पोरं अशीच एमआयडीसीत लागतात. मग जादा कामाचे पैसे मागायचे म्हटले तरी जीभ अडखळते. त्यांच्या कानावर गेलं तर? घरी निरोप आला तर? वडिलांची मान खाली गेली तर? अरे, त्यांनी तुला गेटच्या आत पोचवलं, तिथं त्यांचं काम संपलं. आतला हिशेब तुझा आणि कंपनीचा. त्यांचा मान दिवाळीला पेढे नेऊन राखावा, रविवारी फुकट राबून नव्हे. आठवड्याची ती सुट्टी गिरणी कामगारांना 1890 साली मिळाली, ती कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंड्यांच्या खटपटीनं. त्यांचं मूळ गाव आपल्याच जिल्ह्यातलं, खेड तालुक्यातलं कन्हेरसर. हे मात्र आपल्याकडे कुणाच्या भाषणात येत नाही.

माझी हयात साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात गेली. कामगार कितीही तळमळून बोलला तरी शेवटी साहेब विचारायचा, "रजिस्टरला काय आहे?" म्हणून आजपासून एक वही ठेव. तारीख, आत-बाहेरची वेळ, कुणी थांबवलं, बस्स. शिव्या-शाप त्यात लिहू नकोस. ग्रुपवरचे मेसेज पुसू नकोस. कोऱ्या कागदावर सही तर कुणालाही देऊ नकोस, अगदी गोड बोलून मागितली तरी.

मग नेमणुकीचं पत्र काढ आणि त्यावर कायम, कंत्राटी की शिकाऊ, काय लिहिलंय ते बघ. शिकाऊचे नियम निराळे असतात. पत्रच मिळालं नसेल तर मागून घे. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या, त्यात ते प्रत्येकाला देणं बंधनकारक आहे. आठवड्याला 48 तासांच्या वर काम झालं तर दर दुप्पट, आणि तेही तुझ्या संमतीनं. महिन्याचा पगार पुढच्या 7 तारखेच्या आत. ठेकेदारानं पगार बुडवला तर मूळ कंपनीला हात झटकता येत नाहीत. नोकरी सोडलीस तर दोन कामाच्या दिवसांत तुझा पगाराचा हिशेब चुकता झाला पाहिजे.

स्लिपवर पीएफचे 12 टक्के कापलेले दिसतात, पण ते खात्यात पडतात का, हे पासबुक उघडून पाहा. त्याखाली ईएसआयची बारीकशी ओळ असेल, पाऊण टक्क्याची. पोरं तिच्याकडे बघतसुद्धा नाहीत. पगार 21 हजारांच्या आत असेल तर त्याच ओळीवर दवाखाना मिळतो, आणि पुरेसे दिवस भरलेले असून ईएसआयच्या डॉक्टरनं दाखला दिला तर आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत 70 टक्के पगारही मिळतो.

एक मात्र स्पष्ट सांगतो. सुपरवायझर तिरसट आहे, चारचौघांत बोलतो, यावर कायद्यात थेट औषध नाही. त्याला तोंडावर शांतपणे सांगायचं, नाही ऐकलं तर एचआरला लेखी द्यायचं. पैशाचा प्रश्न असेल तर पुण्यात वाकडेवाडीला कामगार आयुक्तांचं कार्यालय आहे. अर्ज मी लिहून देईन, त्यात माझा हात बसलेला आहे.

आता पोटातल्या गोळ्याचं. जुलै 2025 मध्ये बारामतीतच एका बँकेच्या व्यवस्थापकानं जीवन संपवलं. चिठ्ठीत कामाच्या दडपणाचा उल्लेख होता, राजीनामाही देऊन झाला होता, असं बातम्यांत आलं. शिकलेला, अधिकारावरचा माणूस. त्याच्या मनात आणखी काय होतं ते आपण बोलू नये. मला एवढंच कळतं की झोप उडणं, छाती धडधडणं हे नुसत्या हक्कांच्या माहितीनं जात नाही आणि धीर धरून तर अजिबात जात नाही. ते दुखणं आहे, डॉक्टरला दाखवायचं. बारामतीच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात मानसोपचाराचे डॉक्टर भेटतील. रात्री-अपरात्री जीव घाबरला तर 14416 लाव. टेलिमानसची सरकारी लाईन आहे, फुकट, मराठीत बोलतात. तिथं नाही लागलं तर मला लाव, मी तसाही तीनला उठलेलाच असतो.

रविवारी सुट्टी घे आणि इंदापूरला ये. मागच्या सहा महिन्यांच्या स्लिपा आणि नेमणुकीचं पत्र घेऊन ये. नोकरी ठेवायची की सोडायची ते तू ठरव, पण कागद समोर ठेवून ठरव. सोमवारी दवाखान्यात मी बरोबर येतो. ताईला काय सांगायचं ते माझ्यावर सोड.

तुझा,
मामा